त्र्याहत्तर किलोचा बोर्ड

"वजन?" नबीचाचांनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"अठ्ठावन्न," मी म्हणाले.

खोटं. साफ खोटं. त्या दिवशी माझं वजन बहात्तरच्या पुढं होतं आणि ते मला ग्रॅमपर्यंत माहीत होतं. ज्याला वजन लपवायचं असतं ना, तोच रोज काट्यावर उभा राहून बघतो. पण चाचांच्या दुकानात बुखारीच्या शेगडीभोवती सहा पोरं हात शेकत बसलेली, त्यांच्या शेजारी माझी परीक्षा घेणाऱ्या देचेन मॅडम कहवा पीत बसलेल्या आणि माझ्या पाठीशी शालनवहिनी उभी. एवढ्या लोकांत खरा आकडा सांगायचा? मेले असते, पण सांगितला नसता.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

ही गुलमर्गची गोष्ट, सतरा वर्षांमागची. विट्याची बाई तिकडं बर्फात काय करत होती, असं कुणीही विचारेल. तर आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी आटवून, शुद्ध करून द्यायचं काम. माझा संपतदादा असाच श्रीनगरला गेला आणि वीस वर्षं तिथंच राहिला. खाली दुकान, वर घर. भट्टीवर दादा आणि काट्यावर वहिनी. वहिनी काश्मिरी असं बोलायची की तिथल्या बायका तिला आपलीच समजायच्या. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी, पण मी पहिल्यापासून तिला अगं-तुगं करते. तिनंच तसं सांगितलं होतं.

मी कबड्डीतली. चढाई करायचं काम माझं आणि उजवा गुडघा गेला तोही चढाईतच. मिरजेला ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता खेळ विसरा. मी अठ्ठावीसची. पुढं विट्याच्या एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवायला लागले, म्हणजे तोंडात शिट्टी घालून दुसऱ्यांच्या पोरी खेळताना बघायच्या. घरी आले की कुणाशी बोलायचे नाही, बोलले तर भांडायचे. शेवटी दादानं थंडीत बोलावून घेतलं आणि वहिनी मला गुलमर्गला घेऊन गेली. तिथं पहिल्यांदा स्नोबोर्ड बघितला. एकाच फळीवर दोन्ही पाय बांधायचे, डावा पाय पुढं, अंग आडवं, गुडघे वाकवलेले. अहो, चढाईला मैदानात शिरतो तसंच! आणि त्या फळीवर माझा गुडघा दुखत नव्हता. त्या दिवशी मी इतकी हसले की वहिनी माझ्याकडं बघतच राहिली.

त्यानंतर चार हिवाळे मी तिकडं काढले. सांगते ती गोष्ट चौथ्या हिवाळ्यातली. देचेन मॅडम मूळच्या लेहच्या, मुलींसाठी दर हिवाळ्यात शिबिर चालवायच्या. त्यांना शिकवायला एक बाई हवी होती, दर वर्षी तीन महिने. अट एकच. अफरवटच्या डोंगरावरून, वरच्या टप्प्यावरून, ताज्या बर्फात त्यांच्याबरोबर खाली उतरून दाखवायचं. बोर्ड घ्यायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परीक्षा. आदल्या दुपारी खालच्या उतारावर त्या एकदा बघून घेणार होत्या. मला ते काम हवं होतं. दुसरं काही नकोच होतं, एवढंच हवं होतं.

आता झालं काय की तीन दिवस सलग बर्फ पडला होता. मी चारही हिवाळे दाबून सपाट केलेल्या बर्फावर शिकलेली. ताजा बर्फ म्हणजे ज्वारीच्या पिठाची रास. पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. त्याला बोर्ड वेगळा लागतो आणि तो निवडून द्यावा तर नबीचाचांनी, असं सगळं गुलमर्ग म्हणायचं. तीस वर्षं ते दुकान चालवत होते. बोलणं आमचं सगळं हिंदीत, मी आपलं मराठीत सांगते.

चाचांनी मला एकेक गोष्ट समजावून सांगितली होती. बायकांचं पाऊल लहान, म्हणून त्यांचा बोर्ड कमरेत निरुंद पाहिजे. पुरुषांचा घेतला तर पावलाची बोटं कडेपर्यंत पोचत नाहीत आणि बोर्ड वळायला ऐकत नाही. खोल बर्फासाठी पुढचं नाक रुंद आणि वर उचललेलं पाहिजे, शेपूट निमुळतं पाहिजे आणि पाय बांधायच्या जागा मागं सरकवलेल्या पाहिजेत, म्हणजे शेपूट बुडतं आणि नाक वर राहतं. आणि उंची बघून बोर्ड देईल त्या दुकानात परत जाऊ नका, म्हणाले. पिठात उंची काही करत नाही, वजन करतं. त्यांच्याकडं बायकांचे असे दोनच बोर्ड होते. एक लाल, एकशे सेहेचाळीस सेंटिमीटरचा. दुसरा हिरवा, एकशे सत्तावन्नचा. जाड कपड्यांच्या थरांत माझं अंग कुठं दिसतंय, अठ्ठावन्न किलो ऐकल्यावर त्यांनी लाल काढला.

माझा डोळा हिरव्यावर होता. पण तोंडानं एकदा आकडा सांगितल्यावर हिरवा मागायचा कशाच्या जोरावर?

हे वजनाचं दुखणं जुनं. पोरींच्या पंचावन्न किलो गटात खेळायचे तेव्हा सामन्याआधी दोन दोन दिवस उपाशी राहायचे. एकदा एका गावच्या स्पर्धेत रेशन दुकानाच्या काट्यावर सगळ्या गावासमोर वजन केलं आणि आठशे ग्रॅम जास्त भरलं. लाउडस्पीकरवरून पुकारलं, अमुक गावची खेळाडू वजनात बसत नाही म्हणून बाद. मंडपातली माणसं हसली. माझ्या संघातल्या पोरी सातजणींविरुद्ध सहाच खेळल्या आणि हरल्या. त्या दिवशी कानाला खडा लावला, वजन कुणाला सांगायचं नाही. ऑपरेशननंतर अंग सुटलं आणि मग तर विचारायलाच नको. देचेन मॅडमच्या फॉर्मवरसुद्धा मी अठ्ठावन्नच लिहिलं होतं.

दुपारी खालच्या उतारावर गेलो. मॅडम खाली उभ्या, त्यांच्या शेजारी वहिनी फेरनच्या सैल झग्यात निखाऱ्यांची कांगडी धरून. मी सुटले. दहा-पंधरा हात गेले असेन, बोर्डाचं नाक बर्फात घुसलं आणि मी डोक्यावरून पलीकडं. उठले, पुन्हा सुटले. सगळा भार मागच्या पायावर टाकला, मांडी फाटायची पाळी आली, तरी नाक खाली ते खालीच. पुन्हा तोंडघशी. तिसऱ्या वेळी तर कमरेपर्यंत रुतले. हात टेकावा तर हातही आत जातोय. वहिनी कांगडी बाजूला ठेवून बर्फ तुडवत आली. माझ्या काखांत हात घालून तिनं मला उचललं, क्षणभर तशीच धरून ठेवली आणि मग बाहेर ओढलं.

देचेन मॅडम कमी बोलायच्या. तेवढंच बोलल्या, की तुम्ही बर्फावर नाही, बर्फात चालवताय. उद्या वर असं झालं तर तुम्हाला खाली आणणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. सकाळपर्यंत काही जमत असेल तर या, नाहीतर येऊ नका.

आता माझा स्वभाव सांगते. मी फटकळ, आणि चूक माझी असली की जास्तच फटकळ. तरातरा दुकानात गेले, बोर्ड काउंटरवर आदळला आणि चाचांना नाही नाही ते बोलले. भंगार बोर्ड दिलात, नुसतं नाव ऐकून आले, तुमच्यामुळं माझी परीक्षा गेली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! ती पोरं अजून तिथंच होती, मजेत ऐकत होती. देचेन मॅडम माझ्या मागून आत आल्या आणि बुखारीजवळ उभ्या राहिल्या.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी बोर्ड उलटा केला, तळावरून तळहात फिरवला, मेण बघितलं, पाय बांधायचे पट्टे ओढून बघितले. मग पुन्हा एकदा बघितले. मग चष्मा काढला आणि मॅडमना म्हणाले, "बोर्डात काही नाही. म्हणजे निवड चुकली. चूक माझी आहे, मॅडम. यांना नापास करू नका."

मॅडम म्हणाल्या, "माझ्या मुलींचे बोर्ड तुम्ही निवडून देता, चाचा. ते तुमच्या नजरेवर. नजर चुकायला लागली असेल तर मला विचार करावा लागेल."

"करा," चाचा म्हणाले.

मी तिथं बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरे होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून एक सत्तरीचा माणूस स्वतःच्या तीस वर्षांच्या नावावर पाणी सोडत होता आणि मला ते दिसत होतं. बोलले तर मॅडमना कळणार, फॉर्मवरही खोटं लिहिलंय. बाद. पुन्हा चारचौघांत, पुन्हा वजनावरून बाद.

तेवढ्यात वहिनी पुढं आली.

"चाचा, मलापण एक बोर्ड द्या. असाच, खोल बर्फाचा."

चाचा तिच्याकडं बघतच राहिले. वहिनी तेव्हा पंचेचाळीसची. चार हिवाळे माझ्याबरोबर यायची, पण कधी साधी घसरगुंडी खेळली नव्हती. बर्फात चालताना भिंत धरून चालायची. अंगावर दोन स्वेटर, वर घोळदार फेरन, त्यावर शाल. चाचांनी विचारलं, तुमच्यासाठी? ती म्हणाली, हो, माझ्यासाठी. माझ्या नणंदेला जमतं तर मलाही बघू दे.

चाचांनी वही ओढली. "कुठला पाय पुढं?"

"डावा."

"बूट कितीचा?"

"पाच."

"वजन?"

"त्र्याहत्तर," वहिनी म्हणाली.

चाचांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा विचारलं. वहिनीनं पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी मोठ्यानं, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सात वर तीन. त्र्याहत्तर."

ती सहा पोरं पुण्याची निघाली. एकानं दुसऱ्याला मराठीत म्हटलं, "बर्फ फुटेल रे," आणि सगळी फिदीफिदी हसली. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटलं. वहिनीला शब्दन् शब्द कळला. तिनं त्यांच्याकडं वळून बघितलं, तीही थोडी हसली आणि पुन्हा काउंटरकडं वळली. मी मात्र पेटले. कारण वहिनी अंगानं काटकुळी, तिचं वजन साठीच्या आतलं हे घरातल्या मला ठाऊक होतं. त्र्याहत्तर हा माझा आकडा होता. मला बर्फातून उचलून धरलं तेव्हा तिनं तो हातांनी जोखला होता. तिचा जन्म काट्यावर गेलेला, तिला काय लागतंय! मला वाटलं, ही माझी चेष्टा करतेय. मला कळलंय, असं मला चारचौघांत दाखवतेय.

चाचांनी हिरवा बोर्ड काढला. पाय बांधायच्या जागा दोन दोन भोकं मागं सरकवल्या, स्क्रू आवळले. पण त्यांची भलाई अशी की ते नवख्या बाईला बोर्ड देऊन मोकळे होईनात. म्हणाले, तुम्ही नवीन आहात, निदान एकदा माझ्यासमोर उभ्या राहा, मी बघतो. वहिनी आता फसली असं मला वाटलं. ती गप बाहेर गेली. दुकानापुढच्या उतारावर चाचांनी तिचे पाय बांधले. पोरं दारात येऊन उभी राहिली. वहिनी उभी राहिली, चार हात घसरली आणि धपकन बसली. हसण्याचा फवारा उडाला. ती फेरन झटकून उठली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसली. कमरेला लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी चाचांना म्हणाली, बोर्ड छान आहे, मी तिकडं झाडांमागं जरा शिकते, इथं लोक बघतात.

देवदारांच्या मागं गेल्यावर तिनं बोर्ड माझ्यापुढं टाकला.

मी म्हणाले, "माझा आकडा चव्हाट्यावर मांडलास."

"तुझा कुठं? वहीत माझं नाव आहे," ती म्हणाली. "अजून तासभर उजेड आहे. बांध पाय."

मी तणतणत पाय बांधले. वर चढले, सुटले. आणि काय सांगू! नाक आपसूक वर आलं. मांडीवर जोर नाही, ओढाताण नाही. तीच मी, तोच बर्फ, पण आता बर्फ मला उचलून धरत होता. बोटांनी जरासं दाबलं की उजवीकडं, टाचेनं दाबलं की डावीकडं. आवाजसुद्धा नाही. ऑपरेशननंतर सहा वर्षांत माझं अंग पहिल्यांदा मला हवं तसं चालत होतं, त्याच्या बहात्तर-त्र्याहत्तर किलोंसकट. खाली पोचले तेव्हा मी रडत होते. वहिनी एका पायावर भार देऊन उभी होती, दुखऱ्या कमरेवर हात. तिनं विचारलं, जमलं? मी मान हलवली. म्हणाली, मग अजून दोनदा जाऊन ये.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार. गंडोल्यानं, म्हणजे तारेवरच्या पाळण्यानं, दोन टप्पे करून वर गेलो. वर वारा इतका की श्वास तोंडातच गोठावा. देचेन मॅडम पुढं, मी मागं. त्यांनी माझ्या पायांतला हिरवा बोर्ड बघितला, काही विचारलं नाही. पहिल्या उताराला मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू. मग पहिलं वळण बसलं, दुसरं बसलं आणि भीती कुठं गेली कळलंच नाही. एकदा मॅडम मुद्दाम झाडांजवळच्या सगळ्यात खोल पट्ट्यातून गेल्या. मीही गेले. बर्फ छातीपर्यंत उडत होता, तोंडात जात होता आणि मी एकदाही पडले नाही.

खाली आल्यावर मॅडमनी गॉगल काढला. म्हणाल्या, उतरलात चांगल्या. मग पाठीवरच्या पिशवीतून माझा फॉर्म काढला.

"आता एक सांगा. हा बोर्ड काल चाचांनी त्र्याहत्तर किलोच्या बाईसाठी लावला. तुम्ही अठ्ठावन्न. अठ्ठावन्न किलोच्या बाईखाली तो असा वळला नसता. मग हे कसं?"

आजूबाजूला माणसं होती. ती पुण्याची पोरं तिकिटाच्या रांगेत होती. काम हातातोंडाशी आलेलं. नशीब म्हणायचं, सवय म्हणायची, काहीही सांगता आलं असतं. पण चाचांनी काढून ठेवलेला चष्मा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझं वजन त्र्याहत्तर आहे," मी म्हणाले. "चाचांची नजर चुकली नाही. मी त्यांना खोटं सांगितलं, तुम्हालाही खोटं लिहून दिलं. वहिनीनं स्वतःच्या नावावर बोर्ड घेतला तो माझ्यासाठी."

मॅडमनी पेन काढलं. अठ्ठावन्न खोडलं, वर त्र्याहत्तर लिहिलं आणि शेजारी माझी सही घेतली. म्हणाल्या, शिबिरातल्या पोरी चौदा-पंधरा वर्षांच्या असतात, त्याही खोटंच सांगतात, आणि त्यातली एक मागच्या वर्षी रुतली होती. पुढच्या पंधरा डिसेंबरला या. एवढं बोलून त्या निघून गेल्या.

मी तिथून धावत चाचांकडं गेले आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले की काल घरी जाऊन बायकोला सांगितलं, आता दुकान मुलाच्या हाती देऊ. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी वही काढली, माझा आकडा दुरुस्त केला आणि विचारलं, भाभींचं खरं किती? मी म्हटलं एकोणसाठ. तेव्हा ते हसायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसत राहिले.

परतीच्या सुमोत मी श्रीनगरपर्यंत बोलत होते. कसं उतरले, मॅडमनी कसं विचारलं, मी कसं सगळ्यांसमोर सांगितलं. खरं सांगायचं तर स्वतःवर भलती खूश होते. आपण केवढं मोठं काम केलं, खोटं होतं ते कबूल केलं, चाचांचं नाव राखलं, नोकरीही मिळवली. वहिनी ऐकत होती. खड्डा आला की कमरेला हात लावायची. एकदा म्हणाली, चांगलं केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. वहिनी भाकरी थापत होती. खालून दादानं हाक मारली. एक सोनार जुन्या बांगड्या घेऊन आलाय, खाली ये, तोलायच्या आहेत.

वहिनी जागची हलली नाही. "आजपासून आठ दिवस तुम्हीच बसा काट्यावर," तिनं वरूनच सांगितलं.

दादा जिना चढून वर आला, हात भट्टीच्या काजळीनं काळे. त्यानं विचारलं, कमर फारच दुखतेय का, डॉक्टरकडं जाऊ या का.

"कमरेचं काही नाही," वहिनी म्हणाली. "वजन खोटं बोलले."

दादा जिन्याच्या तोंडाशीच थांबला. आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, नियम होता. धंदा काढला त्या दिवशी त्यांनी तो घालून दिला होता आणि मी लहानपणापासून ऐकला होता. काट्यावर बसणाऱ्यानं वजन खोटं बोलायचं नाही. सोन्याचंच असं नाही. दळणाचं, भाजीचं, पोराचं, कशाचंही. दुकानातच असं नाही, कुठंही. बोलला तर आठ दिवस काट्याला हात लावायचा नाही. नियम सगळ्यांना पाठ होता, पण तो कुणावर लागू झालेला मी बघितला नव्हता. वहिनी वीस वर्षं त्या काट्यावर बसली होती. मिलिग्रॅमचा फरक पडला तर ती गिऱ्हाइकाला परत बोलवायची.

"किती?" दादानं विचारलं.

"चौदा किलो."

दादा हसला नाही. तो वरच्या पायरीवर बसला, हात गुडघ्यांवर सोडून.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वहिनी, पण खोटं मी बोलले होते. आणि ते मी कबूलसुद्धा केलं, सगळ्यांसमोर. आता तुझ्या माथी काय राहिलं?"

तिनं भाकरी उलटली. "तू काट्यावर बसत नाहीस, चारू. मी बसते."

"मग बोललीस कशाला? तुला नियम माहीत होता की."

"माहीत होता," ती म्हणाली. "माझं आठच दिवसांचं आहे. तुझ्या हातात तर एकच दिवस होता."

दादा उठला, हात धुऊन खाली गेला. जिन्याच्या दारातून खालचं बोलणं वर ऐकू येत होतं. दादा सोनाराला सांगत होता, आज भाभी बसणार नाही, मी तोलतो, काटा तोच आहे. सोनारानं विचारलं, भाभी कधी बसणार? दादानं आठ दिवस सांगितले.

सोनारानं बांगड्यांचं पुडकं पुन्हा बांधलं. म्हणाला, मग मी आठ दिवसांनी येतो.